गोळी सुटते, पण रडतो कोण?



पाचवी आज्ञा आपल्याला मनुष्यवधापासून दूर राहायला सांगते. आपल्या धर्मशिक्षण वर्गातल्या लहान मुलालाही ती पाठ असते. तेच मूल रविवारच्या मिस्सेनंतर घरी जाते, मोबाईल हातात घेते आणि जेवण तयार होईपर्यंत वीस-तीस माणसे गोळ्या घालून मारते. मग हात धुऊन पानावर बसते. आई रागावली तर म्हणते, "खेळच तर आहे!"

मुलाचे हे उत्तर आपण हसून सोडून देतो किंवा त्याच्यावर ओरडतो. आज मात्र ते उत्तर आपण गंभीरपणे घेऊ या. खेळातले मारणे हे मारणे आहे का? नसेल, तर मग ते काय आहे?

हा प्रश्न आजचा नाही. 'प्रोजेक्ट आयजीआय' हा नॉर्वेच्या एका कंपनीने बनवलेला खेळ २००० साली आला. त्याच वर्षी 'काउंटर स्ट्राइक' विक्रीला आला. २००२ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर'चा अलाइड असॉल्ट हा भाग आणि २००३ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी' आला. हे दोन्ही दुसऱ्या महायुद्धावरचे. त्या काळात संगणक घरोघरी नव्हता. मुले सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळत आणि खेळाच्या सीड्या या हातातून त्या हातात जात. त्या काळची पोरे आज चाळिशीच्या आसपास आहेत. कोणी मास्तर झाले, कोणी गाडी चालवतात, कोणी धानाची शेती करतात. आता त्यांचीच मुले पब्जीसारखे खेळ मोबाईलवर खेळतात. त्या पोरांपैकी फारच थोड्यांनी आयुष्यात कधी खरी बंदूक हातात धरली असेल. हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

कारण भीती घालणे सोपे असते. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, तेव्हा ते 'डूम' हा खेळ खेळत होते याची खूप चर्चा झाली. २००२ मध्ये जर्मनीतील एरफुर्टच्या शाळेत तसेच घडले आणि बोट 'काउंटर स्ट्राइक'कडे दाखवले गेले. पण अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सर्व अभ्यास तपासून सांगितले की, असे खेळ आणि चिडचिड, आरडाओरडा, ढकलाढकली यांचा काही संबंध दिसतो. परंतु त्यांच्यामुळे माणूस खुनी होतो असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. ती खेळाच्या बाबतीतही पाळली पाहिजे.

मग काहीच बिघडत नाही, असे म्हणायचे का? काही पालक तसे म्हणतात. सरकारची बंदी हेही त्यावरचे उत्तर नव्हे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली, ती देशाच्या सुरक्षेच्या आणि लोकांच्या माहितीच्या कारणावरून. त्यातल्या गोळीबाराशी तिचा संबंध नव्हता. कायद्याचे प्रश्न वेगळे असतात, विवेकाचे वेगळे.

ख्रिस्तसभा शिकवते की, पापाला जाणीव लागते आणि इच्छा लागते. पडद्यावरचे चित्र पाडणाऱ्या मुलाला कोणाचा जीव घ्यायचा नसतो. आपल्या कबड्डीतही गडी मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. बुद्धिबळात तर घोडा, उंट, प्यादी सगळी मारली जातात. त्यासाठी कोणी प्रायश्चित्त संस्काराला जात नाही. म्हणून "खेळच तर आहे" या उत्तरात निम्मे सत्य आहे.

उरलेले निम्मे समजण्यासाठी आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाकडे पाहू. दिवाळीनंतर मंडप उभे राहतात आणि रात्रभर नाटक चालते. तिथेही खून होतात, गोळ्या सुटतात. मेलेला नट थोड्या वेळाने पडद्यामागे चहा पीत असतो, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण रंगमंचावर माणूस पडला की कोणीतरी धावत येते. आई त्याचे डोके मांडीवर घेते, बायको हंबरडा फोडते, आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या आयाबाया पदराने डोळे पुसतात. मरण खोटे असते, पण रडणे खरे असते. नाटक पाहून माणूस घरी येतो तेव्हा दुसऱ्याचे दुःख थोडे जास्त ओळखू लागलेला असतो.

गोळीबाराच्या खेळात हीच एक जागा रिकामी असते. तिथे रडणारे कोणी नसते. 'आयजीआय'मध्ये नायकाला नाव आहे, कामगिरी आहे, कानात सूचना देणारी साथीदार आहे. तो ज्यांना मारतो त्या पहारेकऱ्यांना नाव नाही, घर नाही. 'काउंटर स्ट्राइक'मध्ये फेरी संपली की सगळी प्रेते पुसली जातात आणि सगळे पुन्हा उभे राहतात. ओलीस ठेवलेल्या निरपराध माणसाला मारले, तर खेळाडूचे पैसे कापले जातात. म्हणजे तिथे चुकीची जाणीव अगदीच नाही असे नाही. पण ती पैशात मोजली जाते.

याहून बोलका खेळ अमेरिकेच्या सैन्याने स्वतः काढला होता. तरुणांनी भरती व्हावे म्हणून ४ जुलै २००२ रोजी त्यांनी 'अमेरिकाज आर्मी' हा खेळ फुकट उपलब्ध केला. त्याची रचना अशी होती की, प्रत्येक खेळाडूला आपला गट अमेरिकी सैनिकांचा दिसे आणि समोरचा गट शत्रूचा. समोर बसलेल्यालाही अगदी तसेच दिसे. दोघेही आपापल्या पडद्यावर चांगले आणि दुसऱ्याच्या पडद्यावर शत्रू! जगातली किती भांडणे नेमकी अशीच चालतात? बांधावरून भांडणारे दोन भाऊ आठवून पाहा.

आता उलट बाजूचे एक उदाहरण. २००६ मध्ये सोनी कंपनीच्या एका खेळात इंग्लंडमधील मँचेस्टर कॅथेड्रलच्या आतला भाग दाखवून तिथे गोळीबार दाखवला होता. २००७ मध्ये तेथील अँग्लिकन चर्चने तीव्र आक्षेप घेतला आणि कंपनीने माफी मागितली. त्या खेळात मारले जाणारे तर कल्पनेतले राक्षसी जीव होते. मग लोकांना का लागले? कारण ती जागा ओळखीची होती. तिथे त्यांनी प्रार्थना केली होती, आणि त्यांच्या शहराने खऱ्या बंदुकांचे गुन्हेही पाहिले होते. ओळखीच्या ठिकाणी गोळी सुटली की लागते. अनोळखी ठिकाणी सुटली की तो खेळ वाटतो.

आपण सिंदेवाहीत राहतो. आपल्याला हे कोणी वेगळे सांगायला नको. शेजारच्या गडचिरोलीत, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मरण पावले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलातील चकमकीत २६ नक्षलवादी मारले गेल्याचे पोलिसांनी सांगितले. कायदा कोणाच्या बाजूने आहे हे आपण जाणतो; पण दोन्हीकडे आया होत्या. मे २०२५ मध्ये तर आपल्याच तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. मरण म्हणजे काय, हे अशा गावाला विचारावे. त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी आणून देतात आणि गावातला माणूस हातातले काम टाकून मयतीला जातो. एक माणूस गेला की अख्खे गाव थांबते. खेळात मात्र एक माणूस गेला की लगेच पुढचा दिसतो.

या ठिकाणी आपण प्रभू येशूकडे पाहू या. बेथानीला लाजरच्या कबरेजवळ ते उभे होते. थोड्याच वेळात आपण लाजरला उठवणार आहोत, हे त्यांना ठाऊक होते. मेलेला माणूस पुन्हा उभा राहणार होता. तरीही मरिया आणि तिच्यासोबतच्या लोकांचे रडणे पाहून त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले. अश्रू आधी आले, चमत्कार मागून. नाईन गावातही प्रभू वाटेत थांबले ते एका विधवा आईसाठी. माणूस पुन्हा उठणार आहे, म्हणून त्याच्या मरणाची किंमत कमी होत नाही, हे आपल्या पुनरुत्थानाच्या श्रद्धेचे सार आहे. खेळातले पुनरुत्थान स्वस्त आहे, कारण त्याच्या आधी कोणी रडलेले नसते.

म्हणून आम्हाला वाटते की, मूल खेळात किती जणांना मारते यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: त्याच्या आयुष्यात रडणाऱ्याजवळ बसण्याची सवय आहे का? ती असेल, तर खेळ हा खेळच राहील. ती नसेल आणि दिवसाचे चार तास बंदुकीच्या नेमातूनच माणसे दिसत असतील, तर मूल खुनी होणार नाही कदाचित. पण दुसऱ्याचे दुःख समोरून गेले तरी त्याला ते दिसणार नाही. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजकाने जखमी माणसाला मारले नव्हते. तो फक्त बाजूने निघून गेला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात, करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या खेळांचा कडक शब्दांत निषेध केला होता. मुलांना सुंदर आणि चांगले ओळखायला शिकवा, असा त्यांचा आग्रह होता.

मग आपण घरी काय करावे? मोबाईल हिसकावून आदळू नये. त्याने मूल फक्त लपून खेळायला शिकते. अगदी लहान मुलांना असे खेळ देऊच नयेत. मोठ्यांची वेळ ठरवावी, आणि एखाद्या दिवशी आईवडिलांनी शेजारी बसून खेळ पाहावा. ज्या बापांनी स्वतः 'आयजीआय' खेळले आहे त्यांना तर मुलाशी बोलणे सोपे आहे. त्याला सहज विचारावे, "हा जो आत्ता पडला, त्याच्या घरी कोण असेल रे?" उपदेश करू नये. प्रश्न तेवढा मनात राहू द्यावा.

आणि मुलांना मयतीपासून लपवून ठेवू नये. गावात कोणी गेले तर त्यांना सोबत न्यावे. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीत मेणबत्ती त्यांच्या हातून लावून घ्यावी आणि कबरेतल्या माणसाचे नाव त्यांना मोठ्याने वाचायला सांगावे. घरच्या रोजरीत एक गूढ अशा मृतांसाठी म्हणावे, ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी नाही.

काइनने हाबेलला मारले तेव्हा देवाने आधी विचारले, तुझा भाऊ कुठे आहे? कोणताही खेळ हा प्रश्न मुलाला विचारणार नाही. तो घरातच विचारावा लागेल.

प्रभू आपल्या मुलांना पाहणारे डोळे आणि पाझरणारे मन देवो.