मागच्या सीटवर

माझ्याकडे एक जुनी ओम्नी आहे. २००६ चं मॉडेल. घेतली तेव्हाच ती सेकंडहँड होती. किराणा दुकानाचा माल आणायला घेतली होती. पण आलापल्ली-आष्टी रस्त्यापासून आत जंगलात असलेल्या गावात कोणाकडे चारचाकी असली, की ती त्याच्या एकट्याची राहत नाही. पोत्यांबरोबर माणसं येतात. साप चावलेला येतो, तेंदूपत्त्याच्या दिवसांत चक्कर येऊन पडलेला येतो, आणि अडलेली बाई येते. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, पण फोनला रेंज असेल तर. बाळंतपणाच्या आधीच बाईनं जाऊन राहावं म्हणून आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं झाली, पण धानाची कापणी सोडून आठ दिवस आधी निघायला घरचे तयार होत नाहीत. मग रात्री माझं दार वाजतं.

अशाच एका पावसाळी रात्री शेजारच्या टोल्यावरच्या एका सुनेला मी अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेत होतो. मागं तिची सासू तिला धरून बसली होती. खड्डा आला की मागून एक बारीक आवाज यायचा. ओरडणं नव्हे, दातांत धरलेला श्वास. सासू म्हणाली, “भाऊ, जरासं हळू घ्या ना. पोरीले लई धक्के बसून राह्यले.”

मी म्हणालो, “माय, रस्ताच असा आहे. मी काय करू?”

खोटं नव्हतं ते. रस्ता खरंच तसा होता. बाई सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, आणि मी ते वाक्य विसरून गेलो.

त्यानंतर दीड वर्षानं, पाऊस सरता सरता, मला हिवताप आला. थंडी अशी, की दोन घोंगड्या घेऊन दात वाजत होते. शेजारच्या पोरानं मला उचलून माझ्याच गाडीत मागं टाकलं आणि गाडी काढली. इतक्या वर्षांत मी माझ्या गाडीत पहिल्यांदा मागं बसलो. खड्ड्यात चाक गेलं की एक हिसका बसे, पण तो एवढा वाईट नव्हता. वाईट होतं ते त्यानंतरचं. गाडी खड्ड्यातून बाहेर आली तरी हेलकावत राही, एकदा, दोनदा, तीनदा. आणि ती थांबते न थांबते तोच पुढचा खड्डा. डोक्याची शीर फुटेल असं वाटलं. मी म्हणालो, “बावा, हळू घे.” तो म्हणाला, “काका, रस्ताच असा आहे ना जी.”

माझं वाक्य मला परत मिळालं.

बरा झाल्यावर मी एक साधी गोष्ट केली, जी कधीच करायला हवी होती. गाडी अंगणात उभी केली, मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन ती दाबली आणि सोडली. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. माझी गाडी गाईच्या मानेसारखी डोलत राहिली. खाली वाकून पाहिलं, तर शॉकपच्या नळीवर तेल गळून धूळ चिकटली होती. टायरही एकसारखे नव्हे, मध्येमध्ये खळगे पडल्यासारखे झिजले होते. सगळी चिन्हं होती. मी पाहिली नव्हती.

आपण शॉकप म्हणतो, आणि धक्का तोच सोसतो असं समजतो. तसं नाही. धक्का खातो पाटा, नाहीतर स्प्रिंग. वजनही तोच पेलतो. शॉकपचं काम त्यानंतरचं. दबलेला पाटा उसळतो, परत दबतो, परत उसळतो. त्याला शांत करायचं. आत तेल असतं आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या. त्या छिद्रांतून तेल जाता जाता उसळीचं बळ उष्णतेत जिरून जातं. शॉकप मेला तरी गाडी चालते, म्हणून तर तो मेलेला कळत नाही. ब्रेक गेला तर एका दिवसात कळतं. शॉकप दररोज कणभर जातो, आणि चालवणारा दररोज कणभर त्याची सवय करून घेतो. चाक जमिनीवर नीट टेकत नाही, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते, आणि आपण म्हणतो, गाडी जुनी झाली.

धान कापून झाल्यावर मी कामाला बसलो. चंद्रपूरहून मागचे दोन शॉकप आणले. एकच नवा टाकून चालत नाही. एक बाजू धरते, दुसरी सोडते. गंजलेल्या बोल्टांवर रात्रभर ट्रॅक्टरचं डिझेल सोडून ठेवलं. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक दिला, आणि जॅकवर भरवसा न ठेवता चासीखाली सागाचे ओंडके सारले. गाडीखाली जाणाऱ्यानं एवढं तरी करावंच. वरचा नट, खालचा बोल्ट, आणि जुना शॉकप हातात आला. दांडी दाबली तर वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखी सरकन आत गेली, आतच राहिली. नवा दाबायला सगळा जीव लावावा लागला. नवे बसवले, पण बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी खाली उतरवून, तिचं वजन चाकांवर आल्यावर. अधांतरी आवळलं तर रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

पुढचं काम वेगळं. पुढं स्ट्रट असतो, म्हणजे शॉकप आणि त्याभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग, एकत्र. ब्रेकचा पाइप सोडवून, बोल्ट काढून दोन्ही स्ट्रट मी अख्खे उतरवले, पण वरचा मधला नट उघडला नाही. स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार नसताना तो उघडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. घरी करायचं काय आणि नाही काय, एवढं तरी माणसाला कळावं. दोन्ही स्ट्रट बोरीत घालून एसटीनं चंद्रपूरला नेले. कंडक्टरनं विचारलं, “काय आहे जी बोरीत?” मी म्हणालो, “अख्ख्या गावाचे धक्के.” तो हसला, पण बोरीचं तिकीट फाडलंच. तिथल्या कारागिरानं नवे भरून दिले. ते बसवल्यावर गाडी सावकाश नेऊन चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं.

काम करताना वडिलांची बंडी आठवत होती. तिला स्प्रिंग नव्हती, काही नव्हतं. अडलेल्या बाईला न्यायचं झालं तर आई बंडीत हातभर तणस अंथरून द्यायची, आणि वडील पुष्कळदा बंडीवर न बसता बैलांच्या पुढं चालायचे. बंडीत एक न्याय होता: धुरकऱ्याला बसणारा हिसका आणि मागच्याला बसणारा हिसका एकाच लाकडातून यायचा. मागच्याला काय होतं हे विचारावं लागत नसे. मोटारीत मात्र चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा त्याला आधी दिसतो, त्याचं अंग आधीच सावरलेलं असतं. मागचा बेसावध असतो. आणि मागचा दर खेपेला नवा. त्याला वाटतं, गाडी अशीच असते.

दिवाळीनंतर मी त्या सुनेच्या घरी गेलो. मुलगा अंगणात कोंबड्यांच्या मागं पळत होता. मी तिला सांगितलं, “त्या रात्री तुला जो त्रास झाला ना बाई, तो सगळाच रस्त्याचा नव्हता. माझ्या गाडीतच दोष होता. मला पाहायला पाहिजे होतं.” तिला पहिल्यांदा समजलंच नाही. मग म्हणाली, “असं कायले म्हनता भाऊ? तुमच्या गाडीनंच तर पोचलो.”

माफी मागायला गेलेला मी आभार घेऊन परत आलो. ते मला जड गेलं. त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की झाली. ज्याच्यावर आपण उपकार करतो, त्याला तक्रार करायची मोकळीक राहत नाही. भाडं देणारा भांडतो, “काय डबडं गाडी आहे तुमची!” रात्री फुकट नेलेली बाई दातांत श्वास धरते आणि नंतर हात जोडते. म्हणजे दुकानदारापेक्षा उपकार करणाऱ्यानंच आपली गाडी जास्त वेळा तपासायला हवी, कारण तिचा दोष त्याला दुसरं कोणीच सांगणार नाही. मदत केली एवढ्यानं मदतीतला हलगर्जीपणा माफ होत नाही.

शेजारचा पोरगा मला म्हणाला, “काका, शॉकप चांगले झाले म्हणून रस्ता चांगला झाला का? उलट आता तुम्हाला खड्डे जाणवनार नाई, मंग तुम्ही रस्त्यासाठी अर्जही करनार नाई.” बोलणं सोडून देण्यासारखं नव्हतं. सोसायची सोय झाली की माणूस ओरडायचं सोडतो, हे मी दुसरीकडेही पाहिलं आहे. पण उलटंही तितकंच खरं आहे: रस्त्याच्या नावानं ओरडत असताना आपल्या चाकाखालचं पाहायचं राहून जातं. रस्ता माझ्या एकट्याच्या हातात नव्हता. शॉकप होते. दोन्ही वेगवेगळे मोजायला हवे होते, आणि मी सगळा हिशेब रस्त्याच्या खात्यात मांडून मोकळा झालो होतो. रस्त्याच्या अर्जावर त्या पोरानं माझी सही घेतली, ती मी दिली.

आता वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि धान निघाल्यावर, मी गाडीची चावी त्याच्या हातात देतो. तो मला मुख्य रस्त्यापर्यंत नेऊन परत आणतो. मी मागं बसतो, सावरून न बसता, डोळे मिटून. परवा परतताना नाल्याजवळ डाव्या बाजूनं एक टणटण आवाज आला. उद्या पाहतो.