सोडलेला मासा

दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजले की माणसाला एक खोड लागते. कोणी चांगलं वागलं की 'यात याचं काय?' हे तो आधी बघतो. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ याच खोडीचा होता, आणि तो तर बँकेतही नव्हता! १७८५ सालच्या एका ग्रंथात त्याने एक दुकानदार घेतलाय. लहान पोर आलं तरी हा गृहस्थ वाजवीच भाव लावतो. पण का? तर धंदा नीट चालावा म्हणून. झालं! वागणं बरोबर, पण नीतीचे मार्क शून्य. आम्हां बी. कॉम.वाल्यांना यात काय खोट आहे तेच कळत नाही. आम्ही याला 'गुडविल' म्हणतो आणि ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवतो. कांटच्या इंग्रजी भाषांतरातही नेमका हाच शब्द आहे; फक्त तिथे तो विकता येत नाही.

माझे मामा या परीक्षेत नापासच झाले असते. मामा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. नव्वद सालच्या आसपास मे महिन्यात ते मला होडीतून खाडीत न्यायचे. ते पाग फेकायचे, मी बालदी धरून बसायचो. जाळ्यात बोईटं, थोडी कोलंबी, एखादी चिंबोरी आणि बराचसा चिखल. मग निवड सुरू. बोटाएवढी बोईटं परत पाण्यात. पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी तर हमखास परत. "सोर तिला," मामा म्हणायचे. ('ड'ला 'र' हा तिथला विनिमय दर.) चांगली मूठभर चिंबोरी डोळ्यांदेखत बुडताना बघून माझ्या पोटात खड्डा पडायचा.

"मामा, दया आली का?"

"दया कसली? पुढच्या वर्सी काय खाशील?"

म्हणजे मुदत ठेवच! पण ही ठेव तरी कसली? ज्या खात्यातून वाटेल त्याने पैसे काढावेत, त्यात पैसे ठेवा असं कुठला मॅनेजर सांगेल? मामांनी सोडलेलं बोईट दहा वल्ह्यांवर दुसऱ्याच्या पागात जाणार. बगळा तर पासबुकही मागत नाही. दया म्हणावी तर पुढच्या वर्षीच्या कालवणावर डोळा, गुंतवणूक म्हणावी तर तारण नाही. आता २०२३ साली सरकारने ५४ जातींच्या मासळीला किमान माप ठरवून दिलंय. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत असेल तर धरायचं नाही. चांगलंच झालं. पण दंडाच्या धाकाने सोडलेल्या पापलेटाला कांट किती मार्क देईल? पापलेटाला विचाराल तर ते पैकीच्या पैकी देईल.

ही तारणाची शंका मी तेव्हाच मामांना विचारली होती. पलीकडच्या होडीकडे बोट दाखवून म्हटलं, "आपण सोडलेलं सगळं तो माणूस धरतोय!"

मामांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "तो? मामीचा भाव हाय तो. रात्री त्याच्याकरंच जेवाला जायचाय."

आणि होडी वळवली.