कुठवर आलीस?

सध्या माझ्या उशाशी दोन पुस्तकं आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिसऱ्यांदा वाचते आहे आणि व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ पहिल्यांदाच. ‘स्मृतिचित्रे’ रात्री, ‘सत्तांतर’ सकाळी, चहाला उकळी फुटेपर्यंत. वानरांच्या टोळ्यांमधली ती लढाई मला रात्री वाचवत नाही. नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराच्या पिल्लांचं काय होतं, हे माडगूळकर इतक्या शांतपणे सांगतात की दिवा मालवला तरी ती आई डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून ते पुस्तक उजेडासाठी ठेवलं आहे.

काल मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका नव्या बाई शेजारी येऊन बसल्या. “बाई, तुम्ही एवढं वाचता. मला एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना.” चार-पाच नावं लगेच ओठावर आली, पण मी ती तिथेच थांबवली आणि विचारलं, “वाचायला वेळ कधी मिळतो?” त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, “मुलगी नऊ महिन्यांची आहे. ती दुपारची झोपली तर वीस मिनिटं. तेवढ्यात उठली तर तीही नाहीत.”

वीस मिनिटं हातात असलेल्या माणसाला जाडजूड कादंबरी दिली, तर चौथ्या दिवशी आधीचं काय झालं तेच आठवत नाही. मग आपल्याला वाचन जमत नाही असं वाटून माणूस हिरमुसतं. मी त्यांना ‘माणदेशी माणसं’ दिलं. १९४९ सालचं पुस्तक, पण एकेक माणूस एका दुपारच्या झोपेत पुरा होतो. मूल उठलं तरी हरकत नाही, उद्या दुसरा माणूस भेटायला येईल.

हे मला शिकवलं ते आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या काकांनी. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगावी उभी राहिली, त्यांतलंच ते एक. बाजारपेठेच्या टोकाला दोन खोल्या, पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांचं तिरपं टेबल, आत लोखंडी कपाटं. पुस्तकांना तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर पांढऱ्या रंगानं घातलेला दाखल क्रमांक, मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी. देवघेवीच्या खिडकीमागे काका बसायचे. त्यांच्या कानावर कायम एक आखूड पेन्सिल अडकवलेली असे.

पुस्तक परत केलं की ते आधी पानं चाळून बघत, फाटलंय का, कोपरा दुमडलाय का. मग वहीतली नोंद खोडत आणि विचारत, “कुठं थांबलीस?” आवडलं का, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. ‘आवडलं’ म्हणून सुटता येतं. कुठं थांबलीस, याचं उत्तर द्यायचं तर वाचावं लागतं. एकदा घेतलेलं पुस्तक मी दुसऱ्याच दिवशी परत न्यायला लागले, तर म्हणाले, “आठ दिवस ठेव. नाही जमलं तर आण परत, पण कुठल्या पानावर कंटाळा आला तेवढं सांग.” मी सांगितलं. बाविसाव्या पानावर. त्यांनी पुस्तक उघडून ते पान उभ्या उभ्या वाचलं, मान हलवली आणि आतल्या कपाटातून वेगळंच काहीतरी काढून आणलं. तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. माझ्या कंटाळ्याकडे एका मोठ्या माणसानं इतकं लक्ष दिलं, याचं सुख अजून अंगावर आहे.

एवढं शिकूनही माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती अजून बोचते. माझ्या एका मैत्रिणीची आई गेली. तेरावं झालं आणि मी तिला ‘श्यामची आई’ नेऊन दिलं. मनात हेतू चांगलाच होता. पंधरा दिवसांनी तिनं ते जसंच्या तसं परत केलं. मी घातलेली खाकी कव्हराची घडीसुद्धा मोडली नव्हती. “नंतर वाचीन गं,” एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढे कधीतरी हिशेब लक्षात आला. साने गुरुजींनी त्या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली, अवघ्या पाच दिवसांत. पण त्यांची आई गेली होती १९१७ साली. म्हणजे ते पाच दिवस उगवायला मध्ये पंधरा वर्षं जावी लागली. ज्या दुःखाला लिहिणाऱ्यानं पंधरा वर्षं दिली, ते वाचायला मी मैत्रिणीला पंधरा दिवस दिले होते. पुस्तक थोर होतं, माझी वेळ चुकली होती. आता कुणाच्या घरी दुःख झालं की मी पुस्तक नेत नाही, पिठलं-भाकरी नेते. दोन वर्षांनी त्या मैत्रिणीनं ते पुस्तक आपणहून मागून घेतलं. त्यावर आम्ही अजून बोललो नाही, आणि मी विचारणारही नाही.

‘स्मृतिचित्रे’ मात्र मी जवळजवळ प्रत्येकाला सुचवते, आणि प्रत्येकाला वेगळ्या कारणासाठी. १८६८ साली जन्मलेली मुलगी, अकराव्या वर्षी लग्न, शाळा पाहिलेली नाही. अक्षरओळख नवऱ्यानं करून दिली, तो नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या धर्मात, मध्ये लहान मुलगा आणि सगळं गणगोत. पाच वर्षं लक्ष्मीबाई आपल्या जागी उभ्या राहिल्या आणि मग १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांची पासष्टी उलटली होती, आणि १९३६ मध्ये त्या गेल्या.

नुसती हकिगत सांगितली तर ऐकणाऱ्याला वाटतं, रडवणारं पुस्तक असणार. म्हणून मी हकिगत सांगत नाही, त्यांच्या वडिलांबद्दल सांगते. वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. त्या घरात बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे आणि बायकापोरांचा जीव त्या धुण्यात मेटाकुटीला येई. लक्ष्मीबाई हे सगळं अशा सांगतात की आपण हसतो, आणि हसता हसता त्या घरातल्या आईचे भिजून पांढरे पडलेले हात आपल्याला दिसायला लागतात. तक्रारीचा सूर कुठेच नाही. जे सोसलं ते सोसणारी बाई कडवट झाली नाही, हे त्या पुस्तकातलं मला सगळ्यात मोठं वाटतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि पानोपानी टिळकांवर चिडत होते. हातातले पैसे कुणालाही देऊन टाकणारा, मनात येईल तेव्हा घर सोडून निघणारा नवरा! दुसऱ्यांदा वाचलं ते लग्नानंतर. तेव्हा कळलं की लक्ष्मीबाई त्याच्यावर रागावतात, त्याच्याशी भांडतात, आणि त्या भांडणात बरोबरीनं उभ्या असतात. आता तिसऱ्यांदा वाचताना मी या दोघांकडे कमी बघते. ज्यांना त्यांच्या दारात आसरा मिळाला त्या पोरक्या लेकरांकडे जास्त बघते. पुस्तक तेच, माझं थांबायचं पान दर वेळी पुढे सरकलं आहे.

आणखीही काही आवडती आहेत. फिरण्याची हौस असलेल्याला मी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ देते. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक घरावरचं कर्ज फेडायला दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघतो आणि थेट १८५७ च्या धामधुमीत सापडतो. झाशीच्या वेढ्यात तो गावात असतो. जीव वाचवून घरी येतो तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आईवडिलांना त्या पाण्यानं न्हाऊ घालायला. लढाईची वर्णनं बरेच जण लिहितात. एवढ्या कत्तलीतून ती कावड जपून आणणारा मुलगा मला तिथेच भेटला. कॉलेजातल्या मुलांना ‘रणांगण’, विश्राम बेडेकरांचं, १९३९ सालचं. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी आणि घरी परतणारा मराठी तरुण. एका रात्रीत संपतं आणि पुढे कितीतरी रात्री पुरतं. सातवीतल्या पोरांना भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, तिथे फार विचार करावा लागत नाही.

आता मामीचं सांगते, कारण हे सगळं मनात आलं ते तिच्यामुळे.

माझी मामी आटपाडी तालुक्यात राहते. माडगूळकरांचं माडगूळ त्याच तालुक्यातलं. मामी सातवीपर्यंत शिकली आणि नंतर पोथीखेरीज काही वाचायला तिला सवडच मिळाली नाही. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना ती खाटेवर होती. मी तिला ‘बनगरवाडी’ दिली, मुद्दाम जरा मोठ्या टाइपातली प्रत शोधून. दिली तेव्हा एवढंच म्हटलं, “मामी, धनगरांच्या वाडीवर एक नवा मास्तर पहाटे चालत निघालाय. बघ पोचतोय का.”

तीन-चार दिवसांनी फोन केला. “मामी, कुठवर आलीस?”

“तालीम बांधायला लागलीत लोकं.” मग जरा वेळ गप्प. “पर मी मागंच अडकलीया. त्या शेकूपाशी.”

ज्यांनी ‘बनगरवाडी’ वाचली आहे त्यांना शेकू आठवत असेल. पेरणीचे दिवस, आणि शेकूकडे एकच बैल. जोडीला बैल मिळत नाही. मग त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जू आपल्या खांद्यावर घेते. दोन-तीन पानांचा प्रसंग आहे. वर्षानुवर्षं मी तो वाचत आले होते, वर्गात वाचूनही दाखवला होता.

मामी म्हणाली, “आत्याबाईंनी पण वढलंय की औत.”

आत्याबाई म्हणजे तिची सासू. म्हणजे माझी आजी.

“मी नवी नवरी होते. त्यास्नी न्हाऊ घालताना डाव्या खांद्यावर वण दिसला. इचारलं, तर म्हणाल्या, जुन्या काळाचा हाय. मग एकदा तेल लावताना आपणच बोलल्या. एक बैल मेलावता, वापसा चाललावता, दुसरा घ्यायला पैसा न्हवता. मामंजी नगं म्हणत हुते. आत्याबाईंनीच जू उचललं.”

आजीचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. आम्हा नातवंडांना वाटायचं, म्हातारपणामुळे. ती चालताना पदर त्या बाजूनं सारखा घसरायचा आणि ती तो दातात धरून काम करायची, एवढंच आम्ही पाहिलेलं. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या त्याच खांद्यावर डोकं ठेवून मी कितीतरी वेळा झोपले आहे.

फोन ठेवला आणि आईला लावला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक अक्षर लागत नाही, त्यामुळे पुस्तकांबद्दल आमचं बोलणं कमी झालं होतं. मी मामीचं बोलणं सांगितलं. विचारलं, “आई, तुला माहीत होतं?”

“मी होते की तिथं,” आई म्हणाली. “बांधावर बसले होते. सहा-सात वर्षांची असेन. तुझा मामा मांडीवर होता, रडायला लागला की त्याला उगी करायचं काम माझ्याकडं. दुपारपर्यंत आईनं औत ओढलं. मग येऊन त्याला पाजलं, आणि परत गेली.”

“कधी बोलली नाहीस.”

“त्यात काय बोलायचं?” मग थोड्या वेळानं म्हणाली, “आणि हे पुस्तकात छापलंय म्हणतेस?”

“आपलं नाही गं. पण असंच.”

“वाच बघू.”

मी कपाटातून माझी प्रत काढली, पान शोधलं. पलीकडे आईनं टीव्ही बंद केल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी फोन नीट कानाशी धरला आणि सावकाश, वर्गात वाचते त्याच्यापेक्षा सावकाश, वाचायला सुरुवात केली.