नवगावच्या कबरी कोणाच्या?

पावसाळा सरला की अश्दोद, लोद, दिमोना अशा इस्रायली शहरांतून मूळची कोकणातली बेने इस्रायली ज्यू कुटुंबं रायगड जिल्ह्यात येतात. ठाण्यात किंवा मुंबईत नातेवाइकांकडे उतरायचं, मोठी गाडी ठरवायची आणि पेण, अलिबाग, रेवदंडा करत पणजोबांचं गाव गाठायचं. आजी अस्खलित मराठी बोलते, मुलाला ते समजतं, नातवंडं हिब्रूत वाढलेली. गावाचा पत्ता आडनावातच असतो: किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, अष्टमकर. गाव सापडतं. कबर मात्र पुष्कळदा सापडत नाही.

त्याला कारणं आहेत. जुन्या कबरींवर अक्षर नाही, नुसते दगड आहेत. लेख कोरलेले आहेत तिथेही नावं जुळत नाहीत, कारण घरच्या आठवणीतला सॅम्युएल त्या काळी सामाजी होता आणि एझिकेल हसाजी. शिवाय माणसं एका जागी राहिली नाहीत. इंग्रजी फौजेत, रेल्वेत, कचेऱ्यांत नोकरी धरून ती पुणे, अहमदाबाद, कराची, एडनपर्यंत गेली. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढच्याच वर्षी ते वारले, तेही कोचीनला. आडनावातल्या गावी जाऊन त्यांची कबर शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार?

तरीही हा प्रवास करावा, असं मी आग्रहाने म्हणेन. त्यातून कसला पुरावा मिळावा अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. या समाजाकडे वंशाचा पुरावा एकदा मागितला गेला आहे. १९६१-६२ च्या सुमारास इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलींची लग्नं लावण्याआधी आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची चौकशी करण्याचे निर्देश काढले. शतकानुशतकं शब्बाथ पाळलेल्या, सुंता आणि आहाराचे नियम सांभाळलेल्या लोकांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करायला सांगण्यात आलं. त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारला व संसदेला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. त्यांच्या नातवंडांनी स्वखुशीने पूर्वजांच्या शोधात निघावं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. म्हणूनच पुराव्याची ती जुनी मागणी त्यांनी आपल्यासोबत गाडीत घेऊ नये.

कारण पूर्वजांचा अर्धा भाग कब्रस्तानात नाहीच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये मध्यपूर्वेतला ज्यू वारसा जसा आढळला तसाच मोठा स्थानिक भारतीय वारसाही आढळला, आणि तो विशेषतः आयांच्या बाजूने. म्हणजे इथल्या काही मुली त्या घरांत नांदायला गेल्या. त्यांची नावं कोणत्याही दगडावर नाहीत. त्यांच्या माहेरचे वंशज आजही आसपासच्या गावांत शेती-मासेमारी करत असतील. कबर शोधत आलेल्या पाहुण्याला वाट दाखवणारा माणूस त्याचा दूरचा भाऊबंद असू शकतो, हे दोघांच्याही गावी नसतं.

अलिबागजवळच्या नवगावला यातलं बरंच एकत्र भेटतं. तिथल्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, वाहून आलेली प्रेतं दोन ढिगाऱ्यांत पुरली, अशी परंपरा आहे. ते साल कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ही माणसं जगली कशी? ती तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. शेजाऱ्यांनी शनिवारचं तेल शुक्रवारी नेलं असेल. परक्याचा सुटीचा दिवस गावाने आपल्या व्यवहारात सामावून घेतला, ही कोकणाच्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला जागा मिळायला हवी.

म्हणून या कबरी एकट्या वंशजांच्या नाहीत. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग निघून गेला, आता भारतात काही हजार माणसं उरली. अलिबाग परिसरात जमिनीचे भाव चढत आहेत, पाऊस दरवर्षी अक्षरं धूसर करतो, आणि दर आठवड्याला दिवा लावायला येणारं कुणी गावात नाही. कब्रस्तानाची कुंपणं आणि सफाई समाजाच्या संस्था आपल्या परीने पाहतात. नोंदीचं काम मात्र महाराष्ट्राने अंगावर घ्यायला हवं. कित्येक दगडांवर हिब्रूच्या जोडीने मराठी मजकूर आहे. वीरगळ आणि ताम्रपट आपण इतक्या आस्थेने वाचतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाने आपल्या मृत आईसाठी मराठीत काय कोरलं, हे वाचायला आपण का जाऊ नये?

काम अवघड नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी एकेक कब्रस्तान वाटून घ्यावं, प्रत्येक दगडाचं छायाचित्र काढावं, जागा नकाशावर टिपावी, मराठी मजकूर जसाच्या तसा उतरवावा. हिब्रू ओळी पाहुण्यांची नातवंडं वाचून देतील. गाडीतल्या आजीला कबरीपाशीच विचारून सामाजी म्हणजे कोणता सॅम्युएल, हे लिहून घ्यावं. त्या पिढीतली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे येत्या हिवाळ्यातच सुरू व्हायला हवं.