पाचवा श्रोता

इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात तेराव्या-चौदाव्या शतकांत कारभाराच्या नाड्या विद्यार्थ्यांच्या हाती होत्या. दूरदूरहून कायदा शिकायला आलेल्या तरुणांनी आपला संघ बांधला होता. संघाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, विद्यार्थीच असे आणि त्याच्या आज्ञेत राहण्याची शपथ प्राध्यापकांना घ्यावी लागे. घंटेनंतर शिकवत राहिलं तर दंड, अवघड भाग गाळला तरी दंड. तासाला पाच विद्यार्थीही जमले नाहीत, तर प्राध्यापकच गैरहजर धरले जात. दंडाची रक्कम त्यांच्या अनामतीतून वळती होई.

त्या काळात घडली असावी अशी ही गोष्ट.

एका वृद्ध प्राध्यापकांनी पाठ वाचून न आलेल्या मुलांना भर वर्गात झापलं. मुलांना ते झोंबलं. संध्याकाळी ती रेक्टरकडे गेली. "उद्या आम्ही कुणीच तासाला जाणार नाही. चारजण तेवढे जातील, ते आमचं ऐकत नाहीत. पण चारच! तू फक्त दंड लाव."

"आणि नाही लावला तर?"

"आमच्या मतांवर निवडून आला आहेस, विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी वर्गात खरोखर चारच डोकी होती. प्राध्यापकांनी बाकांकडे पाहिलं आणि काय ते समजले. तेवढ्यात रेक्टर आत आला, पुस्तक उघडून चौघांशेजारी बसला. पाच भरले, दंड टळला. बाहेर उभी असलेली मुलं चरफडली, "हा तर त्यांना फितूर झाला!"

प्राध्यापकांना हायसं वाटलं. पण मनातली खंत गेली नव्हती. पाच जणांसाठी कुठे डोकं शिणवायचं, म्हणून रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदासंग्रहातला एक किचकट उतारा त्यांनी सरळ ओलांडला. घंटा झाली. रेक्टर उठला आणि म्हणाला, "गुरुवर्य, आज एक उतारा राहिला. नियमाप्रमाणे दंड होईल."

प्राध्यापक चकित झाले. "अहो, आत्ताच तर तुम्ही मला वाचवलंत!"

"मी तुम्हाला वाचवायला आलो नव्हतो, शिकायला आलो होतो. पाचांचा नियम तुम्ही नीट शिकवावं म्हणून आहे, मुलांनी राग काढावा म्हणून नाही. आणि उतारा गाळल्याच्या दंडाचा नियम पाच जणांच्या वर्गालाही लागू आहे."

प्राध्यापकांनी मान डोलावली. "मग तो उतारा उद्या पहिल्यांदा घेतो."

ही बातमी बाहेर पोचली. उतारा परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. रुसलेली मुलंही आली, आणि या खेपेला पाठ वाचून आली.

तात्पर्य: ज्यांनी निवडून दिलं त्यांचा राग पुढे रेटणं सोपं असतं आणि वडीलधाऱ्यांची मर्जी राखणंही. ज्या कामासाठी सगळे एकत्र आले, त्याची बाजू दोघांसमोर धरतो तो खरा प्रतिनिधी.