भट्टीच्या अलीकडे

मातीचं वाळलेलं, पण अजून न भाजलेलं भांडं पाण्यात सोडलं, तर काही मिनिटांतच त्याचा आकार हरवतो. आधी बुडबुडे निघतात, मग कडा पापुद्र्यांनी सुटतात, भिंत आतल्या आत बसते आणि तळाशी मऊ चिखलाचा ढीग राहतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांना हे दृश्य ओळखीचं आहे. शाडूच्या गणपतीचं घरी बादलीत विसर्जन करतात, तेव्हा हेच घडतं. मूर्ती भाजलेली नसते म्हणून ती विरघळू शकते, आणि त्या मातीत पुढे तुळस लावता येते. आमच्या घरातल्या स्टुडिओत अशी बादली वर्षभर भरलेली असते.

तिच्यात टाकायची वस्तू खडखडीत वाळलेली हवी. नवशिक्यांना हे उलटं वाटतं. अर्धओलं भांडं आधीच पाण्याच्या जवळचं, ते लवकर विरघळेल अशी त्यांची समजूत असते. पण अर्धओली माती पाण्यात कितीतरी दिवस तशीच गोळा धरून बसते. पूर्ण वाळलेल्या मातीतल्या सूक्ष्म पोकळ्या रिकाम्या असतात. त्या पाणी झपाट्याने ओढून घेतात, आत अडकलेली हवा बाहेर पडायला बघते आणि त्या रेट्याने कण सुटे होतात. अर्धओल्या मातीतल्या त्याच पोकळ्या पाण्याने आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे नवं पाणी आत शिरायला वाव राहत नाही. म्हणून मोडायचं ठरलेलं भांडंसुद्धा आधी नीट वाळू द्यावं लागतं.

स्टुडिओ म्हणजे घरामागचं अंगण आणि त्याला लागून असलेली पत्र्याची पडवी. चाक, प्लास्टरची जाड लादी, लाकडी फळ्या, ग्लेझच्या झाकणबंद बादल्या आणि भिंतीपासून थोडी दूर ठेवलेली विजेची भट्टी, एवढाच संसार. घरात काम करायचं तर काही गोष्टी पक्क्या पाळाव्या लागतात. तिथे झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. मातीत आणि ग्लेझमध्ये सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात जात राहिली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. स्टुडिओतले कपडे आणि चपला तिथेच राहतात, स्वयंपाकघरात येत नाहीत. गढूळ पाणी मोरीत ओतायचं नाही, नाहीतर पाइप तुंबतो. ते एका बादलीत निवळायला ठेवायचं आणि वरचं नितळ पाणी झाडांना घालायचं. ग्लेझचं पाणी मात्र झाडांच्या वाट्याला जात नाही, त्याची बादली वेगळी. पांढरी माती आणि लाल माती यांच्याही बादल्या वेगळ्या, कारण लाल मातीतलं लोह पांढरीत मिसळलं की भाजल्यावर तिचा रंग डागाळतो.

घर आणि काम एकाच छपराखाली असणं हे आपल्याकडे काही नवं नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं कित्येक पिढ्या तसंच राहत आली आहेत. पुढे भट्टी, आत चाक, वर बिऱ्हाड. कुंभाराच्या आव्यात मडकी साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजली जातात. आमची स्टोनवेअरची माती १,२०० अंशांच्या वर जाते, तेव्हा ती दगडासारखी घट्ट होते. आच वेगळी, माती वेगळी, पण भट्टी लागायच्या आधीची काळजी तीच.

ती काळजी मुख्यतः वाळवण्याची. चाकावर भांडं उतरवायला फार वेळ लागत नाही; खरा काळ जातो फळीवर. मळलेल्या मातीत वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा पाणी असतं. ते बाहेर पडताना कण एकमेकांजवळ येतात आणि भांडं आकसतं. वाळताना आणि पुढे भाजताना मिळून स्टोनवेअर साधारण १२ टक्के आकसतं, म्हणून चहाचा कप नेहमी हवा त्यापेक्षा मोठा उतरवावा लागतो. भांडं सगळीकडून सारखं आकसलं तर काही बिघडत नाही. अडचण होते ती एक भाग दुसऱ्याच्या पुढे निघून गेला की. काठ पातळ आणि वाऱ्याला उघडा, तो आधी वाळतो. तळ फळीला टेकलेला, तो शेवटी. कपाचा कान तर दोन्हीच्या आधी. एप्रिलमधल्या पुण्याच्या दुपारी प्लास्टिकखाली झाकलेला कपही संध्याकाळपर्यंत कानापाशी तडकू शकतो. जुलैत त्याच फळीवरचा कप हलायलाच तयार नसतो; हाताला गार लागत राहतो, आणि गार लागतो म्हणजे आत ओल आहे. मी कप गालाला लावून बघते. हात कामाने रापलेले असतात, गालाला ओल पटकन कळते.

या सगळ्या काळात, अगदी भट्टीच्या दारापर्यंत, काहीही परत घेता येतं. मला या कामातली ही सवलत सर्वांत मोलाची वाटते. लाकूड कापलं की कापलं, कापड बेतलं की बेतलं. माती मात्र चुकलेला आकार पूर्ण विसरते. तिला वाळवा, भिजवा, चाळणीतून गाळा, प्लास्टरच्या लादीवर पसरा, लादीने पाणी शोषलं की मळा. पुन्हा तीच माती हातात. एवढी मोठी मुभा आपल्याला मिळत असताना ती न वापरता सगळंच भट्टीत टाकावं, हे मला पटत नाही.

भट्टीत ही मुभा कुठे संपते हेही नेमकं सांगता येतं. १०० अंशांपर्यंत राहिलेली ओल जाते. म्हणून सुरुवातीचे तास आच अगदी मंद ठेवायची, झाकण किंचित उघडं. ओल राहिली आणि घाई केली तर वाफ भांडं फोडते. त्यानंतरही एक पाणी शिल्लक असतं, मातीच्या कणांच्या घडणीतच बांधलेलं. शुद्ध चिनी मातीत ते वजनाच्या सुमारे १४ टक्के भरतं. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते सुटून जातं, आणि ते गेलं की ती माती पुन्हा कधी माती होत नाही. पाण्यात किती का भिजवा, ती विरघळणार नाही. ५७३ अंशांवर तिच्यातला क्वार्ट्‌झ आपली रचना एकाएकी बदलतो आणि किंचित फुगतो, थंड होताना त्याच अंशावर आकसतो, म्हणून तिथे जाता-येता दोन्ही वेळा सावकाश जावं लागतं. बाहेरून यातलं काही दिसत नाही. पडवीत भट्टीचा आवाज येतो, आकड्यांच्या पट्टीवर अंश वाढत जातात. मी काहीही काम करत असले तरी पाचशेच्या आसपास माझं लक्ष तिकडे जातंच. त्या घटकेला आतली सगळी भांडी कायमची होत असतात.

कायमची म्हणजे किती, याचं उत्तर पुण्यातच बघायला मिळतं. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे संस्कृतीची भांडी आहेत. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे गावावरून तिचं नाव पडलं. तिथलं उत्खनन १९५०-५१ मधलं. घोड नदीकाठच्या इनामगावला याच महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणून त्या संस्कृतीची एक अख्खी वस्ती उजेडात आणली. घरं, धान्याच्या कणग्या, घराच्या जमिनीखाली दोन कुंभांची तोंडं जोडून पुरलेली लहान मुलं, आणि कुंभाराची भट्टीसुद्धा. तिथली भांडी सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाच्या रेघा, जाळ्या, चौकटी. तोटी असलेली सुरेख भांडी, मध्येच कंगोरा घेऊन वळणारे वाडगे. चांगली भाजलेली असल्याने त्यांना वाजवलं तर धातूसारखा नाद येतो, असं पुरातत्त्वज्ञ त्यांच्याबद्दल आवर्जून नोंदवतात. ज्यांनी ती केली त्यांची भाषा गेली, नावं गेली. त्या कुंभाराने आकाराबद्दल जे ठरवलं ते टिकलं.

हे डोक्यात ठेवून फळीपाशी उभं राहिलं, की निवड करणं भाग पडतं. काही निवडी सोप्या असतात. तळाला केसाएवढी चीर असेल तर ते भांडं बादलीत. चीर भट्टीत भरून येत नाही, वाढते, आणि ग्लेझ तिला बुजवत नाही. झाकण बसत नसेल, काठ ओठाला जाड लागणार असेल, कान दोन बोटांनाही पुरत नसेल, तर त्याबद्दल फार विचार करायचं कारण नाही. अवघड पडतं ते सगळं ठीक असलेल्या भांड्यापाशी. त्यात दोष नाही, आणि त्याच्याकडे पुन्हा बघावंसंही वाटत नाही. असं भांडं हातात घेऊन मी बराच वेळ उभी असते.

सासूबाई एकदा जवळ उभ्या राहून बघत होत्या. मी एक वाटी बादलीत सोडली.

“अगं, चांगली होती की! तडासुद्धा नव्हता.”

“आई, तडा नव्हता. पण तिच्यात तुम्ही काय वाढलं असतं?”

त्यांनी वाटी विरघळताना थोडा वेळ पाहिली. “कोशिंबीर नाही मावली असती, चटणीला मोठी होती,” त्या म्हणाल्या. चाळीसेक वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईने केलेली ही पारख मला कुठल्याही प्रदर्शनातल्या कौतुकापेक्षा जवळची वाटते. तेव्हापासून नवा आकार आला की मी तो ओला असतानाच त्यांना दाखवते. त्या वाटीत बोटं घालून बघतात, कोपऱ्यात भात अडकेल का, घासणी फिरेल का.

मोह सर्वांत जास्त होतो तो भट्टी लावताना. भट्टी अर्धी भरली काय आणि पूर्ण भरली काय, विजेचं बिल जवळजवळ तेवढंच येतं. पहिल्या भाजणीत भांडी एकात एक, एकावर एक ठेवता येतात, पण ग्लेझच्या भाजणीत कुणी कुणाला टेकता कामा नये, नाहीतर दोन्ही कायमची चिकटतात. त्यामुळे मध्ये फटी राहतात, आणि त्या भरायला म्हणून छोट्या वाट्या, फुलदाण्या, उदबत्तीची घरं करून ठेवायची सवय सगळीकडे आढळते. दिवाळीच्या बाजारांच्या आधी तर ती फारच बळावते. मला ही सवय वाईट वाटते, आणि हे मी स्पष्टच म्हणते. जागा भरायला जन्माला आलेली वस्तू जागा भरतच राहते, आधी आमच्या फळीवर, मग विकत घेणाऱ्याच्या कपाटात, मग कचऱ्यात, आणि तिथे ती कुजत नाही. त्या फटींत मी ग्लेझच्या चाचणीच्या पट्ट्या ठेवते. मातीच्या बोटभर पट्टीवर लोह एक टक्का जास्त, चुना थोडा कमी, एवढाच फरक करून भाजलेल्या पट्ट्या मागे क्रमांक लिहून भिंतीला टांगलेल्या आहेत. पुढची कित्येक भांडी त्यांच्याच आधारावर ठरतात, त्यामुळे ती जागा सत्कारणी लागते.

एका बाबतीत मात्र मी हा नियम लावत नाही. मे महिन्यात शेजारची मुलं येतात आणि हत्ती, कासव, रणगाडे, डोळे नसलेली माणसं करतात. ते सगळं भाजलं जातं. सात वर्षांच्या मुलाच्या हत्तीबद्दल निवाडा करायचा अधिकार माझ्याकडे आहे असं मला वाटत नाही. हत्ती भरीव असतो, म्हणून थोडा सुकल्यावर त्याला उलटा धरून पोटातली माती कोरून काढावी लागते आणि खाली एक भोक ठेवावं लागतं. आतली हवा भांडं फोडते असं बरेच जण मानतात. खरं तर जाड मातीत लपलेली ओल फोडते. तो हत्ती मोठ्यांच्या भांड्यांपेक्षा जास्त दिवस फळीवर राहतो, आणि मुलं रोज येऊन “वाळला का?” विचारतात. त्यांना रोज “अजून नाही” सांगताना मला बरं वाटतं. वाट बघायला लावणाऱ्या गोष्टी त्यांच्या आयुष्यात कमी उरल्या आहेत.

इनामगावच्या भांड्यांबद्दल आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्याला दिसतात ती तिथल्या कुंभाराने भाजलेली. त्याने हातात धरून पाहिलेली, नापसंत केलेली आणि पुन्हा गाऱ्यात मिसळलेली भांडी कुठल्याच उत्खननात सापडणार नाहीत. भाजताना फुटलेल्याचे तुकडे मिळतात. भाजण्याआधी मोडलेल्याचा कसलाच माग राहत नाही. संग्रहालयातली ती तोटी इतकी नेमकी दिसते, त्यामागे किती तोट्या मातीत परत गेल्या असतील, हे काचेपलीकडून कळायला मार्ग नाही. पण चाकावर बसणाऱ्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. तोटी ही काही पहिल्या हाताला साधणारी गोष्ट नाही.

आईंनी यंदा कैरीच्या लोणच्यासाठी बरणी मागितली आहे. त्यांच्या माहेरची एक चिनी मातीची बरणी आहे, वर तपकिरी, खाली दुधाळ, काठाला दोरी बांधायची खाच असलेली; तिच्याच मापाची त्यांना हवी आहे. बरणी उतरवणं जमलं आहे, पोट चांगलं आलं आहे. झाकण काठावर किंचित डुलतंय. वाळताना दोन्ही एकत्र ठेवली तर बरोबरीने आकसून बसेल अशी आशा आहे, पण आज बोट लावून पाहिलं तेव्हा ते अजून हलत होतं. कैऱ्या बाजारात आल्या आहेत, मीठ-मोहरी घरात आणून ठेवली आहे. मी आईंना म्हटलं, झाकण पुन्हा करावं लागेल, आठ-दहा दिवस तरी वाढतील.

“कर की,” त्या म्हणाल्या. “यंदाचं जुन्या बरणीत घालते.”