दाणा फाडणारा कोण?

पेरलेल्या दाण्याचे पुढे काय होते, हे सांगण्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. दाणा रुजतो, उगवतो, त्याला कोंब फुटतो. भिजवलेल्या मटकीला मोड येतात. यांपैकी 'फुटणे' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. भांडे फुटले की ते निकामी होते. कोंब फुटला की जीवन सुरू होते.

दिव्य कुरआनानेही नेमका हाच क्षण निवडला आहे. सूरह अल-अनआमच्या ९५ व्या आयतीत अल्लाहला 'फालिक' म्हटले आहे. म्हणजे दाणा आणि खजुराची आठळी फाडणारा. पुढच्याच आयतीत हा शब्द पहाटेसाठी येतो: अंधार फाडून उजेड बाहेर काढणारा. अरबीत शेतकऱ्याला 'फल्लाह' म्हणतात, कारण तो जमीन चिरतो. अज़ानीत रोज कानी पडणारा 'फलाह', म्हणजे साफल्य, हा शब्दही याच 'फल्लाह'च्या धातूचा. शेतकरी जमीन फाडतो. दाणा फाडणारा मात्र अल्लाहच.

मग दाणा उगवलाच नाही, तर दोष कोणाचा?

हा प्रश्न आपल्या मराठवाड्याला नवा नाही. २०२० च्या खरिपात अनेकांचे सोयाबीन उगवले नाही आणि दुबार पेरणीची वेळ आली. निकृष्ट बियाण्यांच्या तक्रारींची मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी "अल्लाहची मर्जी" एवढे म्हणून विकणाऱ्याला मोकळे होता येईल काय?

मुळीच नाही. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीत मार बसला, पोती आपटली किंवा ओल लागली की आतला अंकुर मरतो. म्हणूनच प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी लागते. हे जपणे माणसाचे काम आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. पाऊस अल्लाहचाच होता. तरीही भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावी.

घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि आठवडाभराने कोंब मोजावेत. ही तपासणी तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याचीच ती रीत आहे.

तकदीरीचे नाव आपल्या हातून होण्याजोगे सर्व केल्यानंतर घ्यावयाचे असते. आपली लबाडी झाकण्यासाठी ते घेणे म्हणजे आपला दोष अल्लाहवर ढकलणे होय. दाणा फाडणे त्याच्याकडे आहे. त्या दाण्याबद्दल खरे बोलणे त्याने आपल्याकडे सोपवले आहे.